जिनिंगच्या भिंतीवरचं नाव

कादिम्बो
रविवार, २८ जानेवारी २०२४

ओकेयो,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शाळेच्या टपालपेटीत आलं, म्हणून आधी मुख्याध्यापिकेच्या हातात पडलं. "ओगोला, टांझानियात कोण आहे तुमचं?" त्यांनी विचारलं. इथे पूर्वी कामाला असलेला एक माणूस आहे, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. मग मी पत्र खिशात घालून रुळांच्या कडेने मोरीपर्यंत चालत गेलो आणि तिथे बसून उघडलं. खरं तर पाकिटावरूनच कळलं होतं. कापसाच्या गाठींवर नंबर काढणाऱ्याचं अक्षर वयाने बदलत नाही. तू अजूनही एकेक अक्षर पत्र्यातून कापल्यासारखं सुटं काढतोस.

तू जिवंत आहेस. येताना हे मी मोठ्याने म्हणून बघितलं. दोनदा म्हटलं.

तू विचारतोस, सोळा वर्षांनी घरी आलो तर कोणी दार उघडेल का. त्याआधी एक गोष्ट माझ्याकडूनच तुला कळायला हवी. आम्ही तुला पुरलं आहे.

त्या जानेवारीत, निवडणुकीनंतर, नैवाशात दंगल झाली तेव्हा आपल्या गावचे तुम्ही चौघे तिथे होतात. दोघांची प्रेतं आली, एक लंगडत आला. तुझं काहीच आलं नाही. एप्रिलपर्यंत वाट पाहिली. आईला तू स्वप्नात फाटकाशी उभा दिसायचास, अंगावर घ्यायला कापड मागायचास. तुझी आणि अपोन्दीची लेक अमोलो तेव्हा दीड वर्षाची, तिचा ताप हटेना. आई म्हणाली, पोराला झोपायला जागा नाही, म्हणून भटकतोय. मग ज्याचं प्रेत मिळत नाही त्याच्यासाठी आपल्यात जे करतात ते केलं. यागोच्या झाडाचं एक लांब फळ उतरवलं, पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि तुझ्या घराच्या उजव्या हाताला पुरलं. सगळं गाव रडलं. प्रार्थना मी वाचली.

आता तू समजून घे. ज्याला पुरलंय तो तसाच फाटकातून आत आला, तर घरातलं कोणीतरी त्याच्या जागी जातं, असं जुनी माणसं मानतात. माझा भरवसा देवावर आहे, पण आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि ती मानते. काय करायचं ते विचारून कळवीन. तोवर निघू नकोस.

२००८ च्या ऑगस्टमध्ये जिनिंगच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं, असं तू लिहितोस. ते मला मिळालं नाही. तेव्हा टपालाचे काय हाल होते ते तुला ठाऊक आहे.

जिनिंगबद्दल तू ऐकलंस ते खरं आहे. तिथे मुलींची शिवणकामाची आणि विजेच्या कामाची शाळा होते आहे. जाताना तू मला म्हणाला होतास, "बस तू इथे मेलेल्या गाईचं दूध काढत." सतरा वर्षं या बंद जिनिंगची राखण करत बसलो. आता गाईच्या पोटात वर्ग भरणार आहेत. सरकीची खोली म्हणजे कार्यालय, गाठींचं गोदाम म्हणजे वसतिगृह, आणि रुळांकडचा मालधक्का म्हणजे शाळेचा व्हरांडा. रूळही साफ केलेत. शनिवारी किसुमूहून गाडी येते, मालधक्क्यापाशी मिनिटभर थांबते. मी बांधकामावर देखरेख करतो. एका जागी बसवत नाही हल्ली, त्यामुळे हे काम बरं पडतं.

आई बरी आहे. अमोलो सतरा वर्षांची झाली, शाळेच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव आहे. अपोन्दीही बरी आहे.

तुझा भाऊ,
हेझ्रोन ओगोला


कादिम्बो
रविवार, २५ फेब्रुवारी २०२४

ओकेयो,

तुझं उत्तर आलं. चार ओळी आईबद्दल, आणि खाली एकच प्रश्न: अपोन्दीला कोणी सांभाळलं?

या पत्राचे तीन कागद मी फाडले आहेत. हा चौथा.

मोठ्या दालनाला चुना लावायचं काम चालू आहे. बुटेरेचा शिकुकू म्हणून एक रंगारी आहे, तोंडाचा पट्टा सतत चालू. गाठी दाबायच्या प्रेसच्या मागची भिंत आठवते? एकदा काम थांबलं होतं तेव्हा तू पत्र्यात स्वतःचं नाव कापलंस आणि त्या भिंतीवर काळ्या शाईने उठवलंस. साहेबाने तुला दिवसभर धक्क्यावर उन्हात उभं केलं होतं. ती शाई तू डांबर आणि रॉकेल घालून घरीच करायचास. शिकुकूने सोमवारी त्यावर चुन्याचा हात दिला. मंगळवारी सकाळी नाव पिवळट होऊन वर आलं. बुधवारी दुसरा हात, शुक्रवारी तिसरा. पुन्हा तेच.

"फुंदी," सगळ्या मिस्त्रींना म्हणतो तसं तो मला म्हणाला, "हा ओकेयो कोण? मी माझ्या सासूलाही इतक्या वेळा गप्प केलेलं नाही."

मी म्हटलं, होता एक जण. चौथा हात दे.

त्याच दुपारी मी जादुओंग ओदेराकडे गेलो. आपल्या वंशात जुन्या रीती सांगू शकेल असा आता तो एकच म्हातारा उरलाय. आंब्याखाली बसून रेडिओ दुरुस्त करत होता. मी विचारलं, एखाद्याचं यागो पुरलं आणि तो जिवंत निघाला तर काय करतात.

"कुठला माणूस?"

"सियायाकडचा."

"सियायाच्या माणसासाठी तू जेवण टाकून दीड तास चालत आलास." त्याने माझ्याकडे न बघता रेडिओत स्क्रू पिळला. "फार मोठं मन आहे तुझं."

मग त्याने सांगितलं. जे पुरलं ते उकरायचं. माणसाने आधी घरात यायचं नाही. जी जागा कुणाचंच घर नाही, अशा जागी त्याला गाठायचं. ज्याने त्याच्यावर प्रार्थना वाचली, त्यानेच त्याला नावाने हाक मारायची. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "आणि ज्याने त्याची जागा घेतली त्याने आधी ती सोडायची. हे त्या सियायाच्या माणसाला नीट समजावून सांग."

घरी येताना मी वाट सोडून रुळांवरूनच चाललो. स्लीपर मोजत होतो, मोजणी सारखी चुकत होती.

ओकेयो, अपोन्दीला मी सांभाळलं. यागो पुरलं एप्रिलमध्ये. जुलैत मोठी माणसं बसली आणि म्हणाली, घरात भाऊ असताना विधवा बाहेरच्याच्या आधाराला का जाईल. माझी पर्सिला वारून तीन वर्षं झाली होती, मीही विधुरच होतो. तू इथे असतास आणि मी मेलो असतो, तर त्यांनी तुलाही हेच सांगितलं असतं. चर्चला हे मान्य नाही, तुला ठाऊक आहे. रविवारचं वाचन माझ्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसतो.

अपोन्दीला विचारलं का, असं तुझ्या मनात येईल. विचारलं. ती म्हणाली, "दुसरं कोण आहे?" हा होकार होता की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

ते घर तुझंच आहे. तसंच धरलं जातं. मी तिथे जातो आणि परत माझ्या घरी येतो.

हेझ्रोन


कादिम्बो
रविवार, २४ मार्च २०२४

ओकेयो,

एवढ्या मोठ्या कागदावर तीनच शब्द. मुलं किती आहेत?

दोन. ओउमा तेरा वर्षांचा, ओबुया दहाचा. ओउमा डावखुरा आहे, तुझ्यासारखा. शाळेच्या पटावर ओउमा ओकेयो, ओबुया ओकेयो अशी नावं आहेत. मेलेल्या भावाच्या घरात जन्मलेलं मूल मेलेल्याचंच. ते मला बाबा म्हणत नाहीत, मोठे बाबा म्हणतात. तुझ्या खड्ड्यावरचं गवत सुट्टीत तेच काढतात. इथल्या हिशेबाने, तू टांझानियात टाबोराच्या रेल्वे-यार्डात डबे जोडत होतास त्या काळात तुला दोन मुलगे झाले.

हे वाचून तू कागद चुरगाळशील. थोडा थांब. पुढचं त्याहून वाईट आहे.

तुझं ऑगस्टचं पत्र मला मिळालं होतं.

२८ ऑगस्टला आलं. अपोन्दीच्या घरी मी जायला लागून सहा आठवडे झाले होते. जिनिंगची पेटी माझ्याच ताब्यात होती, दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही. तू लिहिलं होतंस, "रस्ता सुरक्षित आहे का एवढंच कळव, मी निघतो." मी ते मोरीवर बसून वाचलं. ठरवलं, आज आईला सांगू. संध्याकाळी ठरवलं, उद्या. दुसऱ्या दिवशी ते पत्र सात नंबरच्या यंत्रात, सरकी काढायच्या रोलरवरच्या पत्र्याआड सरकवून ठेवलं. बंद यंत्राचा पत्रा कोण उघडणार?

मी स्वतःला सांगायचो की आईला धक्का बसेल, ताप आलेल्या पोरीला काही होईल, पुरलेला माणूस आत कसा घेणार. तीन महिने मी याच कारणांवर प्रार्थना करत होतो. पण ती कारणं नव्हती. सहा आठवड्यांत मला तिच्या चुलीपाशी बसायची सवय झाली होती. ती मक्याच्या पिठाची उगाली ढवळायची आणि मी दिवसभरात काय केलं ते तिला सांगायचो. पर्सिला गेल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं की आज काय केलंस. एवढ्यासाठी मी तुला मेलेला राहू दिलं.

जानेवारीत तुझं दुसरं पत्र आलं. तू त्यात फोन नंबर दिला नव्हतास. मला बरं वाटलं. तुझा आवाज ऐकला असता तर ते पत्र मिळालं नाही असं म्हणता आलं नसतं. कागदावर लिहिता आलं.

आता हे सगळं का सांगतो आहे, तर मला ते लपवता आलं नाही म्हणून. स्वतःहून सांगितलं असतं असं मी लिहिणार नाही. मला खात्री नाही.

शिलाई मशिनं बसवायची म्हणून दालनातली जुनी यंत्रं उचलायची होती. सात नंबरचं बुधवारी निघणार होतं. मी मंगळवारीच पत्र काढून घ्यायला गेलो, पण कामगार तिथे आधीच पत्रे खोलत बसले होते. एक दिवस लवकर. अपोन्दी माणसांसाठी चहा घेऊन आली होती. बांधकामावरचं जेवण-चहा तीच बघते. पत्रा खाली आला, सोबत सरकीची धूळ आली आणि तेलाने काळं झालेलं पाकीट आलं.

"जादुओंग," म्हाताऱ्यांना मारतात तशी हाक मारत एक जण मला ओरडून म्हणाला, "तुमचं यंत्र बाळंत झालं." त्याने पाकीट पुसून वाचलं. "हेझ्रोन ओगोला. शिक्का टाबोराचा."

त्याने ते माझ्या हातात दिलं. मला ते खिशात घालता आलं असतं. हे मी तुला सांगून ठेवतो, कारण त्या क्षणी मी तसं करणारच होतो. पण अपोन्दीने किटली खाली ठेवली. तिने अक्षर पाहिलं होतं. म्हणाली, "दे."

मी दिलं. उभ्याउभ्या वाचलं तिने. मग घडी घातली, कपड्यात खोचली, किटली उचलली आणि सगळ्यांना चहा ओतला. मलाही ओतला. माणसं निघून गेली तेव्हा बोलली.

"सोळा वर्षं मी एका फळापाशी बसून रडले."

मी माझा कप खाली ठेवला.

"जिवंत आहे का अजून?"

"आहे. जानेवारीत पत्र आलंय."

"जानेवारीत," ती म्हणाली. तेवढंच. मी पूर्वीच्या पत्रासाठी मार खायला तयार होतो. तिने मला जानेवारीच्या पत्रावर पकडलं.

त्या दिवसापासून मी तुझ्या घराकडे गेलो नाही. अमोलो माझ्याशी बोलत नाही. पोरं बोलतात, त्यांना काय झालंय ते कळलेलं नाही. मी सकाळी धक्क्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो, पुन्हा परत. शिकुकू विचारतो, "धक्का मोजताय की झिजवताय?"

आईला आज चर्चनंतर सांगणार आहे. हे पत्र त्याआधी टपालात टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

हेझ्रोन


कादिम्बो
मंगळवार, २ एप्रिल २०२४

ओकेयो,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. कदाचित ते येणारही नाही.

आईला सांगितलं. तुझ्या बातमीने ती रडेल म्हणून मी शेजारणीला बोलावून ठेवलं होतं. आई शेंगा निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, ते फळ हलकं आहे. माझा ओकेयो जड हाडांचा." शेजारीण हसली, मग दोघी रडल्या. माझा भाग सांगितला तेव्हा मात्र आईने टोपली बाजूला केली. "त्याच्या प्रार्थनेत तू शेवटी काय म्हणालास ते आठवतं तुला?" तिने विचारलं. मला आठवत होतं. त्याची वाट आमच्या वाटेपासून वेगळी झाली, असं काहीसं. "तू ती वेगळी केलीस," आई म्हणाली. तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणी घेते, पण माझं नाव घेत नाही.

जादुओंग ओदेराला खरं सांगितलं. तो म्हणाला, "सियायाचा माणूस अखेर गावात पोचला तर." त्याने सगळं ठरवून दिलं आहे. त्यातलं जे करण्यासारखं होतं ते आम्ही केलं.

गुड फ्रायडेनंतरच्या शनिवारी यागो उकरलं. मी खणलं, ओदेरा काठी टेकून बघत होता. फळ उरलंच नव्हतं. चादरीची शिवलेली कड तेवढी मिळाली, बोटभर, तीही ओढताच तुटली. ओदेराने तिथली माती एका पोत्यात भरायला लावली आणि ती नदीत सोडून आलो. परत येताना तो म्हणाला, सोळा वर्षं लोक रिकाम्या खड्ड्याचं गवत काढत होते. मग स्वतःच खोकत हसला.

अपोन्दी तुझ्या घरात राहत नाही. माझ्या तर नाहीच. मुख्याध्यापिकेला वसतिगृहावर एक बाई हवी होती, जी मुलींचं जेवण आणि शिस्त बघेल. अपोन्दीने स्वतः जाऊन विचारलं. गाठींच्या गोदामाचा टोकाचा भाग, जिथून तू डबे भरताना शिट्टी वाजवायचास, तिथे भिंत घालून तिला खोली दिली आहे. पोरं आणि अमोलो तिच्याकडे असतात. खोलीला कुलूप मीच बसवलं. किल्ल्या दोन होत्या. तिने दोन्ही मागून घेतल्या.

तुला काय लिहायचं ते मी तिला विचारलं. म्हणाली, मी सांगते तसंच लिही, तुझं काही घालू नकोस: "मी तुमच्यापैकी कुणाच्याच घरात नाही. यायचं तर ये, मुलांना बघ. माझ्याशी जे बोलायचं ते माझ्याशी बोल, पत्रांतून नको. पत्रं फार झाली."

भिंतीवरच्या नावाचं सांगायचं राहिलं. पाचव्या हातानंतरही ते वर आलं. शिकुकूने हात जोडले. म्हणाला, हे नाव झाकायचं असेल तर भिंत पाडा. मुख्याध्यापिकेने विचारलं, हे आहे कुणाचं? मी म्हटलं, माझ्या भावाचं. जिनिंगात गाठींवर नंबर काढायचा. तो येणार आहे. पहिल्यांदाच मी हे कुणासमोर तरी सरळ बोललो, ओकेयो. त्या म्हणाल्या, मग राहू द्या की. आता त्या नावाखाली शिवणयंत्रांची पहिली रांग येते. अमोलोने तिसरं यंत्र धरलं आहे. तिथे बसलं की नाव बरोबर डोक्यावर येतं. हे तिने ठरवून केलं की नाही, मला माहीत नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

आता नीट वाच. शनिवार, २७ एप्रिलची किसुमूची गाडी धर. घराकडच्या थांब्यावर उतरू नकोस, पुढे ये. जिनिंगच्या मालधक्क्यावर उतर. ही जमीन रेल्वेची, इमारत शाळेची. ओदेराच्या हिशेबाने हे कुणाचंच घर नाही, म्हणून पुरलेल्या माणसाला इथे पाऊल ठेवता येतं. आई धक्क्यावर खुर्ची टाकून बसेल. तिने नवीन कापड शिवायला दिलंय, अमोलोच शिवते आहे. तू तिला स्वप्नात मागायचास ते. ते अंगावर घेऊन मगच धक्क्यावरून खाली उतरायचं. तू नाही आलास तर त्याच्या पुढच्या शनिवारी ती पुन्हा बसेल. तिचं तिनेच ठरवलंय.

हाक मला मारायची आहे, कारण प्रार्थना मी वाचली होती. मी धक्क्याच्या टोकाला जाऊन सराव करून पाहिला. तुझं नाव तोंडातून निघतं, पण मोठ्याने निघत नाही. अजून पंचवीस दिवस आहेत. तोवर येईल. नाही आलं तरी हाक मारीन. तू ऐकलंस म्हणजे झालं. त्या हाकेनंतर तू माझ्याकडे बघायलाच हवं असं कुठे सांगितलेलं नाही, मी ओदेराला विचारून घेतलंय.

तिथून घरापर्यंत चालत जायचं, फाटकातून नाही, मागच्या कुंपणातून. कुंपण मी तोडून ठेवलं आहे.

शेवटचं एक. खड्डा अजून उघडाच आहे. मी बुजवायला गेलो तर ओदेराने थांबवलं. ज्याच्यासाठी खणला त्यानेच तो भरायचा असतो, दुसऱ्याने भरला तर चालत नाही. म्हणून मी कडेला पत्रे लावून ठेवलेत, एखादं गुरं-वासरू पडू नये म्हणून, आणि फावड्याला नवीन दांडा घातला आहे. डाव्या हाताने धरता येईल असा.

दुसरं फावडंही आणून ठेवलं आहे. ते माझ्या हातात द्यायचं की नाही, हे तू ठरव. मी कुंपणाबाहेर उभा असेन.

हेझ्रोन